४१० ग्रॅमचा प्रश्न

मे महिन्यातली सकाळ होती. नांदूरघाटला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णांची प्रीमियर ११८ एनई बॉनेट उघडून उभी होती आणि तालुक्याहून आलेले एसीचे मिस्त्री त्यात कंबरेपर्यंत वाकले होते. पाच मिनिटांनी ते सरळ झाले, हात पुसले आणि निकाल सांगितला.

"कॉम्प्रेसर जाम झालाय साहेब. दुसरा बसवावा लागंल. अन् ह्यात जुना गॅस हाय, आर-बारा. तो आता कुठं भेटत न्हाई. सगळं नव्या गॅसवर घ्यावं लागंल."

"मग आत आहे त्या गॅसचं काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमच्या ऑफिसात आम्ही पहिल्या दिवशीच्या फ्रेशरकडे बघतो.

"काय करायचं म्हंजे? सोडून द्यायचा. दोन मिनिटांचं काम हाय."

आणि त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वॉल्व्हच्या पिनेवर ठेवलं. मी म्हणालो, "थांबा जरा."

मी का म्हणालो हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. आदल्या रात्री झोप येईना म्हणून मी आर-१२ बद्दल वाचत बसलो होतो, एवढंच. माहिती कधी कधी अशी चुकीच्या वेळी येते. आठवडाभर उशिरा वाचलं असतं, तर "अरेरे" म्हणून विसरून गेलो असतो. पण पिनेवर स्क्रू-ड्रायव्हर असताना ती माहिती माझ्या डोक्यात होती, आणि मग ती नुसती माहिती राहत नाही.

मिस्त्री भले माणूस. "तुमी ठरवा, मी च्या पितो," म्हणाले आणि अण्णांशेजारी बाजेवर जाऊन बसले. हा लेख त्या चहाच्या कपाएवढ्या वेळात सुरू झाला. तो संपवायला मला तीन महिने लागले.

*

आधी गाडीचं सांगतो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ही गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली तेव्हा मी चौथीत होतो. गावात एसी असलेली गाडी म्हणून पोरं काचेला नाक लावून बघायची. गेली काही वर्षं ती फारशी रस्त्यावर नव्हती. पण दोन वर्षांपूर्वी अण्णांची बायपास झाली आणि दर महिन्याला बीडच्या फेऱ्या सुरू झाल्या. गेल्या उन्हाळ्यात परत येताना त्यांना गाडीतच चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या उन्हात नेऊ नका. पण तपासणीची वेळ आपण ठरवत नाही आणि बीड जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन तर कुणीच ठरवत नाही.

नवी गाडी का नाही? पुण्यात माझ्या फ्लॅटचा हप्ता आहे आणि अण्णांना दुसऱ्या कुठल्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरायचं नाही. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यामुळे एसी ही आमच्याकडे चैन नव्हती. त्या पाइपांमधून गार हवा आली पाहिजे होती आणि लवकर आली पाहिजे होती.

म्हणजे प्रश्न "पर्यावरण की आराम" असा सोपा नव्हता. एका बाजूला बाजेवर बसलेला, मला दिसणारा माणूस होता. दुसऱ्या बाजूला मला कधीच न दिसणारी, अजून जन्मालाही न आलेली माणसं होती. मध्ये एक पिन होती.

*

आता त्या गॅसचं. आर-१२ ची गोष्ट खलनायकाच्या गोष्टीसारखी सांगायची सवय आहे. ती तशी नाही.

शंभर वर्षांपूर्वी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथिल क्लोराइड असायचं. ते गळलं की घरातली माणसं आजारी पडायची, मरायचीसुद्धा. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उत्तर शोधलं. जळत नाही, वास नाही, विषारी नाही असा वायू. १९३० मध्ये मिजलींनी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. एकाच श्वासात दोन गोष्टी सिद्ध झाल्या: हा वायू माणसाला मारत नाही आणि पेट घेत नाही.

त्यांनी फसवलं नव्हतं. खोलीत बसलेल्या माणसासाठी तो वायू खरोखरच सुरक्षित होता. पण तो इतका स्थिर होता की काही केल्या मोडत नव्हता. हवेत गेला की शंभर वर्षांच्या घरात टिकतो, हळूहळू वर चढत स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचतो, आणि तिथल्या अतिनील किरणांनी त्याच्यातला क्लोरीन सुटा होतो. तो एक अणू ओझोनचे साधारण लाखभर रेणू मोडू शकतो, कारण प्रत्येक वेळी काम झालं की तो पुन्हा मोकळाच असतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी हे १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जगासमोर ठेवली. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला.

म्हणजे ज्या गुणामुळे तो घरात सुरक्षित होता, त्याच गुणामुळे तो आकाशात घातक ठरला. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक विनोद करतो: "माझ्या मशीनवर तर चालतंय." मिजलींची मेणबत्ती म्हणजे या वाक्याची सगळ्यात महागडी आवृत्ती. चाचणी बरोबर होती, फक्त खोली लहान होती.

"सुरक्षित" हा शब्द एकटा कधी अर्थपूर्ण नसतो. सुरक्षित कुणासाठी, कुठे आणि किती वर्षं, हे त्याच्या मागे जोडल्याशिवाय त्याला अर्थच नाही. मिस्त्री "सोडून द्यायचा" म्हणाले तेही मिजलींच्याच अर्थाने खरं होतं. शेडमध्ये त्या गॅसनं कुणाला काही झालं नसतं. बाजूला बांधलेली म्हैससुद्धा दचकली नसती.

*

चहा संपायच्या आत मी हिशोब केला. इंजिनिअर माणसाला नैतिक पेच आला की तो आधी कॅल्क्युलेटर उघडतो.

अशा गाड्यांच्या एसीत साधारण पाऊण ते एक किलो गॅस बसतो. आमच्या गाडीत त्यातला किती उरला होता? गेज लावून बघितलं तर काटा ९० पीएसआयच्या वर. पण इथे एक गंमत आहे. सिस्टीममध्ये द्रवाचा शेवटचा थेंब असेपर्यंत बंद एसीतलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. गॅस ९०० ग्रॅम असो की १०० ग्रॅम, काटा तेच दाखवतो. म्हणजे किती गॅस आहे ते बाहेर काढून तोलल्याशिवाय कळणार नव्हतं. चुकीची किंमत किती, हे चूक करायच्या आधी कळत नाही.

आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालातला आकडा घेतला, तर शंभर वर्षांच्या हिशोबात १ किलो आर-१२ म्हणजे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइड. ओझोनचा प्रश्न वेगळाच, ही नुसती उष्णता. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गॅस काढून सिलिंडरमध्ये भरून घेणारं मशीन आमच्या भागात मला मिळालं नाही. पुण्यातल्या एका वर्कशॉपकडे होतं. पुण्याला जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धरले आणि गाडीचं ॲव्हरेज १२ धरलं, तर ५० लिटर पेट्रोल. म्हणजे ११५ किलो कार्बन डायऑक्साइड.

११५ ला १०,९०० नं भागा. ०.०१०५ किलो. साधारण ११ ग्रॅम.

म्हणजे गाडीत ११ ग्रॅमपेक्षा जास्त गॅस असेल, तर तो वाचवण्यासाठी पुण्याला जाणं आकाशाच्या दृष्टीनं फायद्याचं होतं. आणि द्रव शिल्लक आहे हे काटा सांगत होता, म्हणजे त्याहून बराच जास्त असणार. किती आहे ते माहीत नव्हतं. पण निर्णय घ्यायला ते माहीत असायची गरजच नव्हती. "नक्की माहीत नाही" या वाक्याआड आपण फार वेळा लपतो. बऱ्याचदा जेवढं माहीत असतं तेवढं पुरेसं असतं.

*

पण हिशोब झाला म्हणून प्रश्न सुटत नाही. खरा आक्षेप अण्णांनीच घेतला. बाजेवरून म्हणाले, "अरे, जगात एवढ्या गाड्या. तू एकट्यानं नाही सोडला तर असा काय फरक पडणार?"

हा प्रश्न आळशी माणसाचा आहे असं समजू नका. तो फार जुना आणि फार अवघड आहे. डेरेक पार्फिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४ मध्ये आपल्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात तो एका भयंकर उदाहरणानं मांडला. समजा हजार छळ करणारे आहेत आणि हजार कैदी. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्यानं प्रत्येक कैद्याच्या वेदनेत इतकी बारीक भर पडते की कैद्याला ती जाणवतही नाही. हजारही जणांनी बटण दाबलं की सगळे कैदी असह्य वेदनेत असतात. आता प्रत्येक छळ करणारा म्हणू शकतो, "माझ्या बटणानं कुणालाच काही जाणवलं नाही." आणि ते खरं असतं! तरी त्यांनी मिळून जे केलं ते भीषणच असतं. पार्फिटचं म्हणणं असं की "माझ्या कृतीचा परिणाम जाणवण्याइतका नाही, म्हणून ती चुकीची नाही" हा हिशोबच चुकलेला आहे.

मला हे पटतं, पण अण्णांना सांगायला मला पार्फिट उपयोगाचा नव्हता. आमच्या घरात श्रावणी सोमवारी आई कहाणी वाचते, खुलभर दुधाची. राजानं फर्मान काढलं, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात आणा. लोकांनी वासरांना पाजलं नाही, पोरांना दिलं नाही, सगळं दूध ओतलं. गाभारा भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं आधी घरातल्यांना जेवू घातलं होतं, वासरांना पाजलं होतं, आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन आली होती. तिनं ते वाहिलं आणि गाभारा भरला.

लहानपणी मला ही चमत्काराची गोष्ट वाटायची. आता ती हिशोबाची गोष्ट वाटते. गावभरच्या दुधाची बेरीज मोठी होती, पण ती कुणाच्या तरी तोंडून काढलेली होती. म्हातारीचं दूध थोडं होतं, पण त्याच्यामागे कुणी उपाशी नव्हतं. कहाणी विचारते ते "किती" हे नाही. ती विचारते, कुणाचं.

आता माझा गॅस तिच्या खुलात घालून बघा. अण्णांना गार हवा हवी आहे. ती द्यायलाच हवी, कारण म्हातारीनंसुद्धा आधी घरच्यांनाच जेवू घातलं. पण ती हवा मी कुणाच्या वाट्यातून काढतोय? आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची घरं आहेत. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जाणारी कुटुंबं तिथे राहतात. कारखान्यांचे पट्टे पडले की ती परततात आणि मे महिना त्या पत्र्याखाली काढतात. पृथ्वी जरा तापली की सगळ्यात आधी त्यांचा पत्रा तापतो. त्यांच्याकडे कधीच आर-१२ नव्हता. त्यांनी कधी कुठलाही वॉल्व्ह उघडला नाही.

हे एवढं मी अण्णांना बोललो नाही. एवढंच म्हणालो, "अण्णा, आपण त्यांच्या पत्र्यावर कढईतलं तेल ओतणार नाही ना, थेंबभर जरी असलं तरी?"

अण्णा काही बोलले नाहीत. ते शिक्षक होते, उत्तर बरोबर आलं की गप्प बसायची त्यांची सवय आहे.

*

आता दुसरा आक्षेप. तो मी स्वतःच स्वतःवर घेतला आणि तो जास्त टोकदार आहे.

समजा जुना गॅस नीट काढला. त्याच्या जागी काय भरणार? आर-१३४ए. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला धोका नाही. १९९० च्या दशकात जगानं सुटकेचा निःश्वास टाकला आणि गाड्या या गॅसवर नेल्या. पण तो तापवतो. १ किलो म्हणजे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. आर-१२ पेक्षा साडेसातपट कमी, पण शून्य नाही. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि या कुळातले वायूही कमी करायचं ठरलं. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याला २०२८ पासून वाढ थांबवायची आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करायची आहे. युरोपात तर २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालतच नाही. तिथे आर-१२३४वायएफ आला. तो जवळजवळ तापवत नाही, पण हवेत मोडल्यावर ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड तयार होतं, जे पाण्यात साठत जातं. त्याच्यावर आता वाद सुरू आहे.

म्हणजे प्रत्येक पिढीचं उत्तर पुढच्या पिढीचा प्रश्न. मग माझी ही सगळी धडपड म्हणजे एक चूक काढून दुसरी बसवणं नाही का?

मी कामावर दुसरं काय करतो? जुनी सिस्टीम नव्यावर नेतो. आम्ही त्याला मायग्रेशन म्हणतो. पाच वर्षं त्या कामात काढल्यावर एक कळलं आहे: शेवटची, निर्दोष, कायमची सिस्टीम नसते. पण म्हणून सगळ्या सिस्टीम सारख्याच वाईट, असंही नसतं. ज्यातून ग्राहकाचा डेटा गळतो हे माहीत आहे ती सिस्टीम, आणि जी उद्या कदाचित धीमी पडेल ती सिस्टीम, यांत फरक आहे. जो म्हणतो "शेवटी सगळंच बदलावं लागणार, मग आत्ता कशाला", तो वास्तववादी वाटतो. खरं तर त्याला शुक्रवारी लवकर घरी जायचं असतं.

मिजलींना १९३० मध्ये माहीत नव्हतं. मला माहीत आहे. त्यांच्या आणि माझ्या पिनेमध्ये फरक आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे. उद्या माझ्या मुलीला आर-१३४ए बद्दल माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल आणि ती मला दोष देईल. देऊ दे. आजच्या माहितीवर आज नीट वागणं एवढंच माझ्या हातात आहे.

मधला एक रस्ताही होता, तो सांगतो. मिस्त्री म्हणाले होते, "स्वस्तात हायड्रोकार्बन मारून देतो. भारी गार करतो." हे खोटं नाही. प्रोपेनसारखे वायू उत्तम थंड करतात, ओझोनला काही करत नाहीत, तापवतात नगण्य. गोदरेजनं २०१२ मध्ये प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी भारतात आणले. पण ते त्याच वायूसाठी बनवलेले असतात. आमच्या गाडीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत, अण्णांच्या गुडघ्यांसमोर, आणि पाइप तीस वर्षांचे. तिथे ज्वलनशील वायू भरणं म्हणजे आकाशावरचा धोका उचलून अण्णांच्या मांडीवर ठेवणं. म्हातारी घरच्यांना उपाशी ठेवून दूध वाहायला गेली नव्हती. तो रस्ता सोडला.

*

मिस्त्रींचं काय? ते चूक वागत होते का?

गॅस काढायचं मशीन विकत घेणं त्यांना परवडणारं नाही. घेतलं तरी महिन्यातून एखाद्या जुन्या गाडीसाठी. काढलेला गॅस कुठे द्यायचा ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांना "थांबा" म्हणालो, कारण मला पुण्यात पगार आहे. चांगलं वागायला जागा लागते, आणि ती जागा सगळ्यांना सारखी मिळत नाही. मला जमलं म्हणून त्यांना उपदेश करणं हा दुसऱ्या प्रकारचा धूर झाला असता.

आणि गंमत म्हणजे, माँट्रियल करार यशस्वी झाला तो याच शहाणपणामुळे. त्यानं जगातल्या प्रत्येक मिस्त्रीला संत व्हायला सांगितलं नाही. त्यानं कारखान्यांचा नळ हळूहळू बंद केला. भारतासारख्या देशांनी विचारलं, घाण तुम्ही केली, मग खर्च आम्ही का करायचा? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत हा मुद्दा मान्य झाला, श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभा राहिला, आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. औषधी इनहेलरसारखे अपवाद सोडून भारतानं १ ऑगस्ट २००८ पासून सीएफसीचं उत्पादन थांबवलं, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी. २०२२ च्या वैज्ञानिक आढाव्यानुसार जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. "आपण काही करू शकत नाही" असं म्हणणाऱ्याला दाखवायला माझ्याकडे एवढा एकच मोठा पुरावा आहे, पण तो भक्कम आहे.

मात्र त्या कराराला एक कडा आहे. तो मोजतो ते उत्पादन आणि वापर. आणि वापर म्हणजे त्याच्या भाषेत उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. जो गॅस आधीच बनला, विकला गेला, आणि आज कुठल्या तरी जुन्या फ्रिजमध्ये, शीतगृहात, शेडमधल्या गाडीत बसला आहे, त्याच्यावर कराराचा हिशोब चालत नाही. कारखान्याचा नळ बंद झाला, पण हंडे भरलेले राहिले.

नांदूरघाटच्या आमच्या शेडमध्ये त्यातला एक हंडा होता. जगातल्या देशांनी मिळून जे करायचं ते केलं होतं. त्यांचा करार येऊन थांबला होता तो बरोबर त्या पिनेपाशी. पुढचं कुणाच्या तरी हातात होतं, आणि त्या सकाळी तो हात आमचा होता. "माझ्या एकट्यानं काय होणार" हा प्रश्न विचारायची ती जागाच नव्हती. बाकीच्यांचं करून झालं होतं.

*

मिस्त्रींना मी त्यांच्या फेरीचे पैसे दिले. आधी ते घेईनात. मग म्हणाले, "काढल्यावर किती भरला ते सांगा बरं का मला."

कॉम्प्रेसरच्या क्लचची वायर काढून मी गाडी पुण्याला नेली. वर्कशॉपमध्ये मशीन लावलं, सिलिंडर काट्यावर ठेवला. अर्ध्या तासानं आकडा थांबला. ४१० ग्रॅम.

फोनवर गुणाकार केला. साधारण ४,४७० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे १,९४० लिटर पेट्रोल, म्हणजे याच गाडीनं २३,००० किलोमीटर. दोन मिनिटांचं काम.

मग बाकीचं झालं. जुनं मिनरल तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही, म्हणून सगळी सिस्टीम धुतली आणि एस्टर तेल घातलं. ड्रायर बदलला, ओ-रिंगा बदलल्या, कंडेन्सर मोठा बसवला, कारण नव्या गॅसचं प्रेशर जास्त चढतं. चुकून कुणी पुन्हा जुना गॅस भरू नये म्हणून वॉल्व्हची तोंडं बदलली आणि बॉनेटखाली स्टिकर लावला. व्हॅक्युम मारून साडेसातशे ग्रॅम आर-१३४ए भरला. तो उद्या सगळा गळला तर टनभर कार्बन डायऑक्साइडएवढा आहे, हेही मी लिहून ठेवलं आहे. दरवर्षी गळती तपासायची आठवण फोनमध्ये लावली आहे. गावात सांगितलेल्या खर्चाच्या जवळपास दुप्पट खर्च आला.

निघताना मी वर्कशॉपच्या मालकांना विचारलं, माझ्या त्या ४१० ग्रॅमचं आता काय होणार? त्यांनी कोपऱ्यात दाखवलं. धूळ बसलेले दोन सिलिंडर. "साठवतो. कुणी जुन्या गाडीचा शौकीन आला तर स्वच्छ करून देतो." म्हणजे तो गॅस दुसऱ्या एका बॉनेटखाली जाईल आणि तिथून कदाचित गळेल. मी वाचवलं की नुसतं पुढे ढकललं? खरं उत्तर असं की मला तो गॅस मोडणाऱ्याकडे द्यायला हवा होता आणि तसा कुणी मला सापडला नाही. माझं काम अर्धं झालं आहे. पण कोपऱ्यातला सिलिंडर उद्या मोडता येतो. आकाशातला नाही.

मिस्त्रींना फोन केला. आकडा ऐकून क्षणभर थांबले. "चारशे? एवढा हुता?" मग म्हणाले, "ते मशीन केवढ्याला येतं?" मी किंमत सांगितली. दोघंही हसलो. पण त्यांनी विचारलं, हे मला लक्षात राहिलं. तालुक्यातल्या चार-पाच मिस्त्र्यांत मिळून एक घेता येईल का, असं आता आमचं बोलणं चालू आहे. अजून काही ठरलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अण्णांना तपासणीला नेलं. ऊन अजून उतरलं नव्हतं. गाडी तेच चालवत होते. एसीची हवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर येत होती आणि ते काही न बोलता मजेत होते. मांजरसुंब्याचा घाट लागला तसा त्यांनी हात पुढे करून एसी बंद केला आणि काच खाली घेतली.

"अण्णा, चालू राहू द्या की. आता नवीन आहे सगळं."

"घाटात इंजिनवर लोड येतो," अण्णा म्हणाले. "पाच मिनिटं ऊन लागलं तर काही मरत नाही मी."

घाट संपला. मी वाट बघत होतो. मैलभर पुढे गेल्यावर त्यांनी काच वर घेतली आणि एसी पुन्हा चालू केला.